समुद्रापारचे बिऱ्हाड आणि गृहस्थाचा स्वधर्म

गृहस्थाश्रमी मनुष्याला आयुष्यात जे निर्णय घ्यावे लागतात, त्यांपैकी पुष्कळांचे फळ त्याचे त्यालाच भोगावयाचे असते. परंतु काही निर्णय असे आहेत की ते घेतो बाप आणि भोगतो मुलगा. दूर देशी बिऱ्हाड हलविण्याचा निर्णय हा त्यांपैकीच होय. त्यातही जावयाचे ठिकाण समुद्रातील एखादे बेट असले आणि मूल शाळेत शिकण्याच्या वयाचे असले, म्हणजे विवेकी गृहस्थाचे मन सहजच द्विधा होते. नोकरीचे कर्तव्य एकीकडे ओढते, अपत्याचे हित दुसरीकडे ओढते, आणि कुलपरंपरेची चिंता तिसरीकडे उभी असते. अशा प्रसंगी श्रीमद्भगवद्गीता काय सांगते, याचा विचार करणे उपयुक्त होईल.

छत्तीसगढात भिलाईला लागून कुरुद नावाची वस्ती आहे. धमतरीकडील कुरुद ते निराळे. एके काळी हे शेतीवर जगणारे गाव होते. आज ते भिलाई नगराचाच भाग झाले आहे. येथील एक मराठी गृहस्थ कल्पनेने डोळ्यांसमोर आणावा. तो केंद्र सरकारच्या एका कचेरीत नोकरीस आहे. त्याची बदली अंदमानला, पोर्ट ब्लेअर येथे झाली आहे. या नगराचे नाव २०२४ साली श्रीविजयपुरम् असे ठेवण्यात आले. मुलगा अकरा वर्षांचा, सहाव्या इयत्तेत शिकणारा. घरात वृद्ध आई. पत्नी म्हणते, "गेलो तर तिघेही जाऊ, मुलाला बापावाचून ठेवायचे नाही." आई म्हणते, "बाळ, तू जा. पण नातवाला माझ्यापाशी राहू दे. तिकडे त्याच्या कानावर आपला शब्द तरी पडेल का?" मुलगा कोणाचीच बाजू घेत नाही. त्याला एवढेच विचारावयाचे आहे, "बाबा, तिथे आपले देव कुठे ठेवायचे?"

या तिघांच्या बोलण्यात तीन प्रश्न आहेत. पत्नीचा प्रश्न कर्तव्याच्या अखंडतेचा आहे, आईचा कुलधर्माचा आणि मुलाचा उपासनेचा. तिघांनाही उत्तर मिळाले पाहिजे.

आईच्या शंकेला जुन्या शास्त्रवचनांचा आधार आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवासाची गणना पातित्य आणणाऱ्या कर्मांत केली आहे. मनुस्मृतीने श्राद्धाला न बोलावण्याजोग्या ब्राह्मणांच्या यादीत समुद्रयात्रा करणाऱ्याचे नाव घातले आहे. पुढील निबंधकारांनी तर समुद्रयान कलिवर्ज्यांत घालून टाकले. परंतु त्याच बौधायनाने समुद्रप्रवास हा उत्तरेकडील लोकांचा आचार म्हणून नोंदविला आहे, आणि त्याच मनूने समुद्रमार्ग जाणणाऱ्या कुशल व्यापाऱ्यांनी व्याजाचा दर ठरवावा असे सांगितले आहे. याचा अर्थ उघड आहे. लोक समुद्रावर जात होते, आणि शास्त्रकारांना ते ठाऊक होते. त्यांचे भय पाण्याचे नव्हते. समुद्रावर गेलेल्या माणसाचे स्नान, संध्या, अन्नशुद्धी आणि अग्निसेवा सुटेल, हे त्यांचे भय होते. म्हणजे निषेधाच्या मुळाशी आचारलोपाची चिंता आहे. आचार भिलाईत राहूनही लोपतो, आणि बेटावर जाऊनही टिकतो. ज्या कारणासाठी निषेध केला ते कारण सांभाळले, तर निषेधाचा आशय सांभाळला असे म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

आता कुलधर्माचा विचार करू. गीतेच्या पहिल्या अध्यायात कुलधर्माचा सर्वांत प्रभावी कैवार अर्जुनाने घेतला आहे. कुलाचा क्षय झाला की सनातन कुलधर्म नष्ट होतात, पितरांचे पिंड लुप्त होतात, असे तो कळवळून सांगतो. हे बोलणे खोटे नव्हे. तरीही श्रीभगवंतांनी या युक्तिवादाचे स्वतंत्रपणे खंडन केलेले दिसत नाही. दुसऱ्या अध्यायाच्या आरंभी त्यांनी फक्त एवढेच दाखवून दिले की हे शब्द ज्या हृदयातून निघत आहेत, त्या हृदयात दुर्बलता शिरली आहे. तत्त्व खरे असूनही ते मोहाच्या तोंडून बोलले जाऊ शकते, हा या प्रसंगाचा सूक्ष्म बोध आहे. म्हणून कुलधर्माचे नाव घेऊन घरी बसणाऱ्याने स्वतःला विचारावे: मी कुलधर्म रक्षीत आहे, की त्याच्या आड माझी भीती रक्षीत आहे?

कुरुदच्या या गृहस्थाने आपल्याच घराण्याकडे पाहावे. भिलाईचा पोलाद कारखाना १९५५ सालच्या भारत-सोव्हिएत करारातून उभा राहिला, आणि त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी केले. त्या काळी देशाच्या सर्व प्रांतांतून माणसे बायकामुलांसह येथे आली. त्यांत विदर्भातील मराठी घरेही होती. आज ज्याला हा गृहस्थ 'आपले गाव' म्हणतो, ते त्याच्या आजोबांना परकेच होते. त्याच्याही मागे पाहिले तर अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांबरोबर कितीतरी मराठी कुळे छत्तीसगढात आली. रतनपूरला बिंबाजी भोसले नांदले. पुढे याच प्रदेशात, मराठी मातृभाषा असलेल्या पंडित माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्रा येथून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढले आणि लोकमान्यांच्या गीतारहस्याचा हिंदी अनुवाद केला. दुसऱ्या भाषेच्या प्रदेशात राहून ते दरिद्री झाले नाहीत. दोन्ही भाषांना त्यांनी समृद्ध केले. आणि तो मूळ ग्रंथ तरी कोठे लिहिला गेला? समुद्रापार, मंडालेच्या तुरुंगात. तात्पर्य, ज्या कुलधर्माला आजी जपू पाहत आहे, तो स्वतःच अनेक स्थलांतरांतून तिच्यापर्यंत आलेला आहे.

तथापि केवळ उत्साहाने बोलणे पुरेसे नाही. समुद्रापार गेलेल्या मराठी कुळांचे पुढे काय झाले, याची दीर्घ साक्ष मॉरिशस बेटाने दिली आहे. तेथे गुलामगिरी १८३५ साली संपली. उसाच्या मळ्यांना मजूर हवे होते, म्हणून १८३४ पासूनच हिंदुस्थानातून करारबद्ध माणसे नेण्यास प्रारंभ झाला होता. 'ॲग्रिमेंट' या शब्दाचा लोकांच्या तोंडी 'गिरमिट' झाला, आणि ते लोक गिरमिटिये म्हणून ओळखले जाऊ लागले. विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत सुमारे साडेचार लाख भारतीय त्या बेटावर उतरले. बहुसंख्य बिहार आणि उत्तर प्रदेशातील भोजपुरी भाषक होते, पुष्कळ मद्रास इलाख्यातील होते, आणि काही मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले व घाटावरचे मराठी लोक होते. पोर्ट लुई बंदरातील ज्या पायऱ्यांवरून ही माणसे चढली, तो आप्रवासी घाट २००६ साली जागतिक वारसास्थळ म्हणून नोंदला गेला.

त्या माणसांपाशी काय होते? धन नव्हते, पंडित नव्हते, परतीचीही पुष्कळांना शाश्वती नव्हती. एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांची मजुरी कापली जाई. अशा स्थितीत त्यांनी जे टिकविले ते विचार करण्यासारखे आहे. गणेशचतुर्थी टिकली, आज ती मॉरिशसमध्ये सार्वजनिक सुटीचा दिवस आहे. कोकणातील जाखडीची गाणी 'झाकरी' या नावाने तेथे गायिली जातात. शाळांतून मराठी शिकविली जाते, आणि मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिच्या अध्यापनाची सोय आहे. परंतु जे गेले तेही सांगितले पाहिजे. घरातील नित्य बोलणे बहुतेक कुटुंबांत क्रिओल भाषेत होऊ लागले. मराठी ही आईच्या मांडीवर शिकण्याची भाषा न राहता मुख्यतः शाळेत शिकण्याची भाषा झाली.

या साक्षीतून एक नियम निघतो. जे हातांनी वर्षानुवर्षे केले गेले, चार जणांनी मिळून केले गेले आणि ज्यात मुलांना काम दिले गेले, ते टिकले. जे आपोआप राहील असे गृहीत धरले, ते हळूहळू सुटत गेले. मूर्ती घडविण्यास, आरती म्हणण्यास, विसर्जनाला चालत जाण्यास मूल लागते. म्हणून उत्सव मुलाच्या अंगी उतरला. भाषा मात्र श्वासासारखी वाटते, तिच्यासाठी कोणी वेगळा प्रयत्न करीत नाही, आणि म्हणूनच ती आधी जाते. १९०१ साली दक्षिण आफ्रिकेहून परतताना महात्मा गांधी काही दिवस मॉरिशसला थांबले होते. तेव्हा तेथील भारतीयांना त्यांनी मुलांच्या शिक्षणाकडे लक्ष देण्याचा उपदेश केला. हा उपदेश बेटावर जाणाऱ्या प्रत्येक बापासाठी आजही ताजा आहे.

मग जावे की न जावे? गीता याचे सरसकट उत्तर देत नाही. ती कर्त्याच्या हाती कसोटी देते. अठराव्या अध्यायात कर्माचे तीन प्रकार सांगताना श्रीभगवंत म्हणतात की अनुबंध, क्षय, हिंसा आणि पौरुष यांचा विचार न करता मोहाने जे आरंभिले जाते ते तामस कर्म होय. हे चार शब्द गृहस्थाने आपल्या निर्णयाला लावून पाहावेत.

अनुबंध म्हणजे कर्मामागून येणारा परिणाम. बदली तीन वर्षांची असेल, पण मुलाच्या आयुष्यात तिचे परिणाम तीस वर्षे राहतील. तेथील शाळेचा अभ्यासक्रम कोणता, माध्यम कोणते, परत आल्यावर मुलगा कोणत्या इयत्तेत बसेल, हे आधी पाहावे. अंदमानातील बहुसंख्य शाळा केंद्रीय परीक्षा मंडळाशी जोडलेल्या आहेत, आणि तेथे निरनिराळ्या प्रांतांतून आलेल्या लोकांची समाईक बोली हिंदी आहे. भिलाईत वाढलेल्या मुलाला हिंदी परकी नाही. म्हणजे शिक्षणाची भाषा त्याला अडवणार नाही. अडचण असेल ती मातृभाषेची, आणि ती घरातच सोडवावयाची आहे.

क्षय म्हणजे हानी. हानी होणारच नाही असे समजणे हा मोहाचाच एक प्रकार आहे. मुलगा मित्र गमावील, आजीचा सहवास गमावील, आणि सत्राच्या मध्येच हलविल्यास वर्षही गमावील. म्हणून शक्य तर नवे सत्र सुरू होण्यापूर्वी न्यावे. भूमीपासून हे बेट सुमारे १,२०० किलोमीटर दूर आहे. चेन्नई, कोलकाता किंवा विशाखापट्टणहून जहाजाने तीन दिवसांच्या आसपास लागतात. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि भूमी भूकंपप्रवण आहे. २६ डिसेंबर २००४ च्या समुद्रलाटांनी निकोबारात जो संहार केला तो विसरता येत नाही. आजीला काही झाले तर त्वरित पोहोचणे कठीण पडेल. ही हानी मुलापासून लपवू नये. त्याला ती सांगावी, आणि तिचा भार बापाने त्याच्याबरोबर उचलावा. ज्या दुःखात वडील वाटेकरी होतात, त्या दुःखाने मूल खचत नाही.

हिंसा या शब्दाकडे स्थलांतर करणारा क्वचितच वळतो. तो विचारतो, बेट मला काय देईल? बेटाला माझ्यापासून काय सोसावे लागेल, हे तो विचारीत नाही. १८५८ साली अंदमानात बंदिवानांची वसाहत झाली. त्यानंतर बाहेरून आलेल्या रोगांनी आणि वस्तीने तेथील मूळ लोकांची जी हानी झाली ती हृदय पिळवटणारी आहे; ग्रेट अंदमानी जमातीची आज अवघी काही डझन माणसे उरली आहेत. जारवांसारख्या जमातींच्या रक्षणासाठी १९५६ सालापासून स्वतंत्र कायदा आहे. तेथे जाणाऱ्या बापाने मुलाला शिकवावे की आपण येथे पाहुणे आहोत. त्या लोकांना कुतूहलाची वस्तू मानणे, त्यांची छायाचित्रे काढण्यासाठी धडपडणे, हीदेखील सूक्ष्म हिंसाच होय. सर्व भूतांच्या ठायी एकच आत्मा पाहण्याचा गीतेचा पाठ पुस्तकात वाचण्यापेक्षा अशा ठिकाणी आचरून अधिक शिकता येतो.

पौरुष म्हणजे आपले सामर्थ्य. आरंभिलेले पार नेण्याची शक्ती आपल्यात आहे का? मूल आजारी असेल, त्याला नित्य औषधोपचार लागत असेल, किंवा पतीपत्नींमध्ये आधीच बेबनाव असेल, तर बेटाचे एकांत जीवन तो वाढवील. अशा वेळी थांबणे, अथवा बापाने एकट्याने जाणे, हाच विवेक ठरेल. त्यात कमीपणा नाही.

हे चारही विचार करून ज्याला 'जावे' असे वाटले त्याचे कर्म तामस नव्हे. परंतु अद्याप एक परीक्षा उरते. जास्त भत्त्याच्या किंवा रम्य समुद्रकिनाऱ्याच्या लोभाने गेला आणि वर 'मुलाचे भले होईल' असे म्हणाला, तर ते कर्म राजस झाले. उलट, बदलीचे कर्तव्य समोर असता अंगाला तोशीस पडेल या भयाने ते टाळले, तर त्या त्यागालाही गीतेने राजसच म्हटले आहे, आणि त्याचे फळ मिळत नाही असे स्पष्ट सांगितले आहे. जाणाऱ्याने लोभ तपासावा, राहणाऱ्याने भय तपासावे. दोघांनीही मुलाचे नाव पुढे करण्यापूर्वी थोडे थांबावे, कारण मुलाच्या नावाइतके सोयीचे पांघरूण गृहस्थाला दुसरे मिळत नाही.

येथे तेराव्या अध्यायातील एका शब्दाचे स्मरण व्हावे. ज्ञानाची लक्षणे सांगताना श्रीभगवंतांनी पुत्र, स्त्री, गृह इत्यादींच्या ठिकाणी 'अनभिष्वंग' सांगितला आहे. भगवान शंकराचार्यांनी याचा उलगडा असा केला आहे की दुसऱ्याच्या ठायी आत्मभाव ठेवून तो सुखी तर मी सुखी, तो दुःखी तर मी दुःखी, असे मानणे म्हणजे अभिष्वंग. त्याचा अभाव म्हणजे कठोरपणा नव्हे. जो बाप मुलाच्या सुखदुःखात स्वतःच बुडून जातो, त्याला मुलाचे हित दिसत नाही; बुडणाऱ्याला बुडणारा वाचवू शकत नाही. मूल आपल्या मालकीचे नाही, ते ईश्वराने काही वर्षांसाठी सोपविलेली ठेव आहे, असे मानणारा बाप त्याला सामानासारखा उचलून नेणार नाही, आणि कुलूप लावून घरातही ठेवणार नाही. अकरा वर्षांच्या मुलाला निर्णयाचा भार देऊ नये. पण त्याचे म्हणणे ऐकल्यावाचून निर्णयही करू नये. निर्णय बापाचा, पण ऐकणे हा मुलाचा हक्क.

हेच सूत्र आजीलाही लागू आहे. नातवाला आपल्यापाशी ठेवण्याच्या तिच्या इच्छेत कुलधर्माची काळजी आहे आणि वियोगाचे भयही आहे. मुलाने आईला शास्त्रार्थ सांगून गप्प बसवू नये. तिच्या औषधपाण्याची, सोबतीची आणि नित्य वार्तेची पक्की व्यवस्था केल्यावाचून त्याने पाऊल उचलू नये. एक कर्तव्य करण्यासाठी दुसरे कर्तव्य निराधार टाकणे याला कर्मयोग म्हणत नाहीत.

जाण्याचा निश्चय झाल्यावर काय करावे, तेही थोडक्यात सांगणे अवश्य आहे. पहिली गोष्ट, घरात मराठीच बोलावी, आणि दिवसातून थोडा वेळ मुलाकडून मराठी मोठ्याने वाचून घ्यावी. दुसरी, आठवड्यातून एकदा त्याने आजीला स्वतःच्या हाताने मराठीत पत्र लिहावे. दूरध्वनीवर ऐकू येते, पण अक्षर वळत नाही. तिसरी, पूजेतील एक काम कायमचे त्याच्याकडे द्यावे, मग ते फुले आणण्याचे असो वा निरांजन लावण्याचे. चौथी, सणाला शेजारच्या बंगाली, तमिळ, तेलुगू घरांना बोलवावे आणि त्यांच्या सणाला जावे. आपला धर्म टिकविण्यासाठी दुसऱ्याच्या घराचा उंबरठा टाळावा लागतो, हा संस्कार मुलावर होऊ देऊ नये. पाचवी, गीतेचा एक श्लोक दररोज, अर्थासह, मुलाबरोबर बसून म्हणावा. बाप स्वतः बसला नाही तर मुलगा बसणार नाही. श्रेष्ठ मनुष्य जे आचरतो तेच इतर लोक आचरतात, हे भगवंतांनी तिसऱ्या अध्यायात सांगून ठेवले आहे, आणि मुलाच्या जगात पहिला श्रेष्ठ मनुष्य म्हणजे त्याचा बाप.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तरही यातच आले. ध्यानासाठी आसन कोठे घालावे हे सहाव्या अध्यायात सांगताना श्रीभगवंतांनी कोणत्या गावाचे नाव घेतले नाही. जागा शुद्ध असावी एवढेच मागितले. नवव्या अध्यायात भक्ताकडून ते पान, फूल, फळ आणि पाणी यांपलीकडे काही मागत नाहीत, आणि या चारही वस्तूंची त्या बेटावर उणीव नाही. बाराव्या अध्यायात तर जो 'अनिकेत' आहे, ज्याचे घर एका ठिकाणाला बांधलेले नाही, पण ज्याची बुद्धी स्थिर आहे, तो भक्त आपल्याला प्रिय आहे असे ते म्हणतात. घर फिरते असले तरी चालेल, बुद्धी फिरती असू नये, हाच त्याचा भावार्थ.

गृहस्थाने हे चित्तात धरावे. समुद्र ओलांडल्याने धर्म बुडत नाही, आणि न ओलांडल्याने तो वाचतोच असेही नाही. कर्तव्य ओळखून, हानी मोजून, लोभ आणि भय दोन्ही बाजूला सारून, मुलाला ठेव समजून जो पाऊल टाकतो, त्याचे पाऊल बेटावर पडो की कुरुदच्या अंगणात पडो, ते स्वधर्माच्याच भूमीवर पडते. फळ श्रीहरीच्या हाती सोपवून त्याने निश्चिंत व्हावे आणि लगेच मुलाच्या अभ्यासाला बसावे.